लिहून घ्या, मास्तर

आमच्या चाळीत रंगीत टीव्ही फक्त सकपाळभाऊंच्या घरी होता. क्रिकेटचा सामना असला की त्या घरात सगळ्या चाळीला जागा असायची, फक्त सकपाळभाऊंना नसायची. सामना सुरू होण्याआधी कोणीतरी लाकडी स्टूल उचलून बाहेर ओट्यावर ठेवायचं आणि भाऊ निमूटपणे जाऊन त्याच्यावर बसायचे. आत त्यांच्याच चटईवर मांडी घालून, त्यांच्याच बायकोच्या हातचा चहा पीत चाळ सामना बघायची आणि भाऊ बाहेर समोरच्या गटाराकडे बघत बसायचे. मध्येच न राहवून खिडकीतून विचारायचे, "किती झाले?" त्यांनी विचारलं की विकेट पडायची. असं दोन-तीनदा झाल्यावर विचारायलाही बंदी झाली.

अशा माणसाला आमच्याकडे पनवती म्हणतात. त्याने नुसतं डोकावलं तरी चांगलं चाललेलं बिघडतं, असा समज आहे. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही आणि तसं मी चाळीत उठसूट सांगतही असे. तरी सामना अटीतटीला आला की स्टूल बाहेर गेलेलं मलाही बरंच वाटायचं.

शांताराम सकपाळ मूळचे खेडकडचे. भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ते पॉलिशला होते. दिवसभर फिरत्या चाकावर वाट्या, तांबे धरून त्यांना चकाकी आणायची. भांडी आरशासारखी व्हायची आणि भाऊ काळेकुट्ट. संध्याकाळी ओट्यावर साबण लावून तोंड धुतलं की आतून आमचे रोजचे भाऊ निघायचे. खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तसबिरींखाली टीव्ही, टीव्हीवर इंदूवहिनींनी दोऱ्याने विणलेलं पांढरं झाकण. मूलबाळ नव्हतं. वहिनी मोजकं बोलायच्या. घरात बोलायचं काम भाऊंनी घेतल्यावर त्यांच्या वाट्याला फारसं उरतही नसावं.

भाऊंना तंबाखू नव्हती, दारू नव्हती. होता तो एकच नाद, पैजेचा. दोन माणसं कशावरून तरी वाद घालताना दिसली की भाऊ तिथे हजर, आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य, "लिहून घ्या." मला तर ते खास आग्रहाने सांगायचे, "लिहून घ्या, मास्तर." आयुष्यभर मी पोरांना हेच सांगत आलो. मला सांगणारे मात्र एकटे भाऊच भेटले.

या नादाचं खरं ठाणं होतं केबिन रोडवर, जयंतीभाईंच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात. सामन्याच्या दिवशी तिथे एकही घड्याळ दुरुस्त होत नसे. त्या काळी भाईंदरात फोन मिळवायला लोक वर्षानुवर्षं अर्ज करून वाट बघत बसत, आणि जयंतीभाईंच्या काउंटरमागे दोन फोन होते. एकावर कुठल्या टीमचा काय भाव चाललाय ते कळायचं आणि दुसऱ्यावर लोक पैसे लावायचे. जयंतीभाई ती पैज घ्यायचे, त्यांच्या भाषेत खायचे. डोळ्याला भिंग लावलेला हा शांत माणूस कानाला फोन लावून हळू आवाजात "खाया" म्हणाला की कोणाची तरी पैज लागलेली असायची. हे सगळ्या केबिन रोडला ठाऊक होतं. तरी बंद पडलेलं घड्याळ हातात धरून दुकानात शिरायचा शिरस्ता लोक पाळत असत.

भाऊंची पैज चहापाण्याच्या रकमेची. पण ते दुकानाची पायरी चढले की बाकीचे सगळे गप्प व्हायचे. भाऊ घसा साफ करून खेळपट्टी, हवा, टॉस, कोणाचा गुडघा दुखतोय, कोणाचं नवं लग्न झालंय, सगळ्याचा विचार समजावून सांगायचे. त्यात चूक काढायला जागा नसायची. आणि शेवटी निकाल द्यायचे, "इंडिया गेली, शेठ. लिखके लो." भाऊंनी पैसे समोरच्या टीमवर लावले की दुकानातली झाडून सगळी माणसं इंडियावर लावायची, जयंतीभाईही पहिल्या फोनवरून वरच्या बुकीकडे स्वतःचे पैसे इंडियावरच लावून ठेवायचे, आणि इंडिया जिंकायची.

वाचक म्हणतील, त्या काळात इंडिया हरायचीही की. हरायची, भरपूर हरायची. पण ज्या दिवशी ती हरायची त्या दिवशी नेमका भाऊंना ओव्हरटाइम असायचा, नाहीतर जयंतीभाईंचे फोन मेलेले असायचे आणि भाऊंची पैज राहून गेलेली असायची. मग दुसऱ्या दिवशी नळावर माणसं त्यांच्यावर डाफरायची, "भाऊ, काल पैज का नाय लावली? एवढंसं काम होत नाय तुमच्याच्यानं?" भाऊ ओशाळून मान खाली घालायचे.

एकदाच त्यांनी इंडियावर पैसे लावले. कारखान्यातली पोरं त्यांच्या मागे लागली होती. कायम देशाच्या विरुद्ध लावता, लाज नाही वाटत का, वगैरे. भाऊ भिडेला पडले. सामना हातात होता. पुढे काय झालं ते सांगायला नको. त्या रात्री भाऊ जेवले नाहीत, असं वहिनींनी माझ्या बायकोला सांगितलं. सवयीने आधीच इंडियावर लावून बसलेल्या जयंतीभाईंचंही त्या दिवशी बरंच नुकसान झालं असणार, कारण पुढे कितीतरी दिवस ते म्हणत होते, "सकपाळभाई मेरा मीटर है. मीटर को कोई हाथ नहीं लगाने का."

मी त्यांना समजावायचो. म्हणायचो, भाऊ, नाणं उडवलं तर दर वेळी निम्मी शक्यता छापाची, निम्मी काट्याची. तुमच्याकडे बघून नाणं पडत नाही. भाऊ शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमचं पुस्तक बरोबर हाय, मास्तर. पण माझं नशीब शाळेत गेलं नाय."

नळाचा प्रकार तर चाळीत रोजचाच. आमची चाळ भाईंदरच्या गोडदेव भागात, आणि तिथे तेव्हा पाण्याची बोंब होती. हंडे रांगेत लागलेले आणि नळाला नुसता सूं सूं आवाज. मग बायका भाऊंना बोलावून आणायच्या आणि अगदी भोळा चेहरा करून विचारायच्या, "भाऊ, आज पाणी येईल का हो?" भाऊ डॉक्टरसारखे नळाजवळ वाकायचे, कान लावायचे. "आज नाय. लिहून घ्या. आलंच तर सगळ्यांचे हंडे मी उचलून देतो." थोड्या वेळाने पाणी यायचं. मग भाऊ घामाघूम होऊन हंडे घरोघरी पोचवायचे आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. चाळीला वाटायचं, आपण भाऊंना फसवून पाणी आणवतो आणि वर हमालीही करून घेतो. भाऊ भोळे आहेत, त्यांना काही कळत नाही, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

माझ्या मुलीच्या दहावीच्या वेळी मात्र आमचं बिनसलं. निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता, घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि भाऊ दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, पोरगी काय पास होत नाय. लिहून घ्या. झालीच तर अख्ख्या चाळीला पेढे माझ्याकडून." माझ्या बायकोने त्यांच्या तोंडावर दार लावलं. मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. भाऊ पेढ्यांचा भलामोठा पुडा घेऊन आले. बायकोने तो ठेवून घेतला, पण बोलली नाही. तिला वाटलं, माणूस शरमेने पेढे वाटतोय. मलाही तसंच वाटलं.

पुढे इंदूवहिनींना धाप लागायला लागली. चार पावलं चालल्या की ओट्याला टेकायच्या. हृदयाची झडप खराब झाली होती. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की आम्ही आमच्याकडून सगळं करू, पण भरवसा देता येणार नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी जयंतीभाईंच्या दुकानात होतो. शाळेच्या हॉलमधलं घड्याळ मी खरोखरच दुरुस्तीला दिलं होतं. कुठे सामना नव्हता, त्यामुळे ते दुरुस्तही झालं होतं. तेवढ्यात भाऊ आले. थेट हॉस्पिटलातून आलेले, शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली.

"शेठ, पैज लावायची हाय."

"आज मॅच किधर है, सकपाळभाई?"

"मॅच नाय. उद्या इंदूचं ऑपरेशन हाय. ती वाचत नाय. लिखके लो."

जयंतीभाईंनी डोळ्यावरचं भिंग काढलं. त्यांना मी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "दुकान से उतरो. हम लोग आदमी के ऊपर नहीं खाते."

मी भाऊंचा दंड धरला. "भाऊ, काय बोलताय तुम्ही? घरी चला."

भाऊंनी हात सोडवून घेतला. माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुमची पोरगी पास झाली का नाय? नळाला पाणी आलं का नाय? मी म्हटलं तसं आजवर एकदा तरी घडलंय? चाळ मला हसते ते मला काय दिसत नाय? मी स्टुलावर तुम्ही बसवता म्हणून बसतो का? आत बसून इंडिया हरायला लागली की माझा जीव जातो, म्हणून बसतो. जे नको असतं त्याच्यावर मी लावतो. हे एवढंच जमतं मला." मग ते जयंतीभाईंकडे वळले. "आज ही पैज कोणी घेतली नाय ना शेठ, तर मी कुठं जाऊ?"

 नाण्याची निम्मी शक्यता माझ्या तोंडून काही निघेना. त्या पेढ्यांचा पुडा डोळ्यांपुढे आला.

जयंतीभाई बराच वेळ काउंटरवरचे स्क्रू एका डबीतून दुसऱ्या डबीत टाकत राहिले. शेवटी म्हणाले, "ठीक है. ऐसे ही बोल दो. मैंने सुन लिया."

"ऐसे नाय चालत," भाऊ म्हणाले. "हरलं की लागलं पाहिजे. फुकटची पैज म्हणजे थट्टा. माझा टीव्ही लावतो."

"और तुम जीते तो?"

भाऊंनी या प्रश्नाचा विचार केलेला दिसला नाही.  जयंतीभाईंनी स्क्रूची डबी बंद केली आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "खाया. भाभी घर आएगी."

वहिनी घरी आल्या. अशक्त होऊन, टॅक्सीतून, पण स्वतःच्या पायांनी ओटा चढून आल्या. त्याच दिवशी संध्याकाळी भाऊंनी हातगाडी आणली, टीव्ही त्याच्या विणलेल्या झाकणासकट उचलून ठेवला आणि केबिन रोडला नेला. चाळीला आणि वहिनींना सांगितलं, दुरुस्तीला दिलाय. जयंतीभाई नको नको म्हणत होते. भाऊ म्हणाले, "शेठ, नाय घेतला तर उलटंल." त्यावर जयंतीभाईंनी कोपऱ्यात जागा केली. एवढी वर्षं या धंद्यात घालवलेला माणूस, पण उलटण्याची भीती त्यालाही होतीच. तो टीव्ही त्यांनी कधी लावला नाही. कोणी लावायला सांगितलं तर म्हणायचे, पार्ट मिळत नाही.

चाळ मात्र चांगलीच वैतागली. पुढचा सामना शेजारच्या चाळीत काळ्यापांढऱ्या टीव्हीवर उभ्याने बघावा लागला. माणसं भाऊंना टोमणे मारत होती, आणि भाऊ हरलेल्या माणसाला शोभणार नाही इतक्या आनंदात हिंडत होते.

वहिनींना ते कळलं झाकणामुळे. जरा बऱ्या झाल्यावर त्या दोरा आणायला केबिन रोडला गेल्या आणि घड्याळाच्या दुकानात त्यांना आपलं विणकाम दिसलं. जयंतीभाईंना खोटं बोलता आलं नाही. वहिनी घरी आल्या आणि दोन दिवस भाऊंशी बोलल्या नाहीत. मग त्यांनी भाऊंना बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर उभं केलं आणि वचन घेतलं, यापुढे कशावर म्हणजे कशावर पैज लावायची नाही. भाऊंनी दिलं. माझ्या बायकोला त्या म्हणाल्या, "मला राग पैजेचा नाय हो आला. मी तिकडं हॉस्पिटलात पडलेली, आणि हा माणूस दुकानात उभा राहून मला तोंडानं मेलेली म्हणतोय. त्याच्या जिवाचं काय झालं असंल?" हे सांगताना माझ्या बायकोला रडू आवरलं नाही. त्या संध्याकाळी तिने भाऊंना घरी बोलावून शिरा खायला घातला. दहावीनंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलली.

भाऊंनी वचन पाळलं. "लिहून घ्या" हे शब्दसुद्धा त्यांनी टाकले. बोलता बोलता ओठांवर यायचे आणि ते गिळायचे. नळाशी बायकांनी किती विनवलं तरी "बघू, येईल तेव्हा येईल" म्हणून निघून जायचे. जयंतीभाईंचा मीटर गेला. धंदाही बदलत चालला होता. रकमा वाढल्या, अनोळखी माणसं स्कूटरवरून येऊन धमक्या देऊ लागली, ओळखीची माणसं कर्ज काढून लावू लागली. जयंतीभाईंनी एक दिवस एक फोन परत केला आणि खरोखरची घड्याळं दुरुस्त करायला सुरुवात केली.

काही वर्षांनी वहिनींचं दुखणं उलटलं. आता ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. त्या घरीच होत्या, खिडकीपाशी उशाला टेकून बसलेल्या. एका सकाळी जयंतीभाई आमच्या चाळीत आले. ते पूर्वी कधी कोणाच्या घरी गेलेले मला आठवत नाहीत. ते ओट्यावर भाऊंच्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "सकपाळभाई, बोलो. मैं खाता हूँ."

भाऊंनी आत खिडकीकडे पाहिलं. मग मान हलवली. "वचन दिलंय, शेठ."

 जयंतीभाईंनी आणलेली मोसंबी ओट्यावर ठेवली आणि गेले. त्याच आठवड्यात वहिनी गेल्या.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे पांगल्यावर भाऊ मला म्हणाले, "मी शब्द पाळला, मास्तर." एवढंच. पैज लावली असती तर वहिनी राहिल्या असत्या असं मी मानत नाही. पण भाऊ मानत होते, आणि तरी ते गप्प बसले. मी विज्ञानाची पुस्तकं शिकवत म्हातारा झालो, त्या गप्प बसण्याएवढं अवघड काही मी पाहिलेलं नाही.

नंतर भाऊ कारखान्यातून सुटले आणि स्टुलावर बसू लागले. आत सामना नव्हता, टीव्हीही नव्हता. तरी बाहेरच बसायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवलात का" विचारायचे. आम्ही दोघं संध्याकाळी तिथे बसून काहीबाही बोलायचो.

मग आमचं मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात घर झालं. सामान टेम्पोत चढवायला भाऊ सकाळपासून राबत होते. कपाटाला दोरी बांधली, ती पुन्हा सोडून पुन्हा बांधली. बायको पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली तेव्हा भाऊंनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, एक पैज लावायची का?"

मी चपापलो. "भाऊ, वहिनींना वचन दिलंय ना?"

"चहाची. एवढी तिला चालंल. मी विचारलं तिला."

"कशावर?"

भाऊंनी गटाराकडे बघत सांगितलं, "तुमची लिफ्टची बिल्डिंग. तिथं सगळी नवी माणसं. तुम्ही काय परत या चाळीत पाऊल टाकत नाय." थोडं थांबले, आणि कितीतरी वर्षांनी तो शब्द बाहेर आला. "लिहून घ्या."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "घेतली," आणि टेम्पोत चढलो. वाटेत बायकोने विचारलं, डोळ्यात काय गेलं? मी म्हटलं, धूळ.

पुढच्या रविवारी मी गोडदेवला गेलो. भाऊ स्टुलावर बसले होते. मला लांबून बघितलं, पण हाक मारली नाही. उठून आत गेले आणि स्टोव्हला पंप मारू लागले. मी आत पोचलो तेव्हा पाणी उकळत होतं. साखर त्यांनी जरा जास्तच घातली. माझा कप माझ्यासमोर ठेवला, स्वतःचा चहा बशीत ओतला आणि वहिनींच्या तसबिरीकडे बघून म्हणाले, "हरलो बघ परत."

आम्ही चहा प्यालो.  नळाला पाणी आलंय असं बाहेर कोणीतरी ओरडलं तेव्हा मी उठलो. चपला घालून ओट्याच्या खाली उतरलो, तर मागून भाऊंचा आवाज आला.

"पुढच्या रविवारी काय तुम्ही येत नाय, मास्तर."